कोऱ्या वाफ्यातलं औषध

"हे शक्यच नाही," मी म्हणालो.

नसरीनने कागद माझ्याकडे आणखी थोडा सरकवला आणि समोर उभी राहिली.

"मशीन बंद करून परत चालू केलंस?"

"दोनदा केलं, सर."

"मग तिसऱ्यांदा कर."

तिने केलं. संध्याकाळी तोच निकाल. मिरचीच्या ज्या झाडांवर आम्ही नुसतं पाणी फवारलं होतं, त्यांच्या पानांत औषध निघत होतं. आणि एक नाही, दोन औषधं! मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागदावरचं काही बदललं नाही.

औषध म्हणजे इथे कीटकनाशक. शेतकरी त्याला औषधच म्हणतो आणि त्याच्या नादाने मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो. मी सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये कामाला होतो. एखादी कंपनी नवं औषध बाजारात आणायच्या आधी दोन गोष्टी सिद्ध करून दाखवायच्या असतात. ते किडीवर चालतं का, आणि पिकात किती दिवस उरतं. पहिली गोष्ट शेतात मोजायची, दुसरी लॅबमध्ये. शेताची बाजू माझ्याकडे होती. लॅबची, म्हणजे पानांतलं औषध मोजणाऱ्या मशीनची, नसरीनकडे. ती एमएस्सी झालेली, दर वर्षी नव्याने होणाऱ्या करारावर नोकरीला, आणि माझ्या हाताखाली.

त्या वेळची ट्रायल वैरागजवळ होती, तात्या नावाच्या शेतकऱ्याच्या मिरचीत. कीड होती फुलकिडे. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असतात. पानातला रस शोषतात आणि पान वर वळून चुरगळतं. आमच्याकडे त्याला बोकड्या म्हणतात. एकदा बोकड्या आला की मिरचीकडे बघवत नाही.

रानात आम्ही छोटे छोटे वाफे आखले होते. काही वाफ्यांना नवं औषध थोड्या मात्रेत, काहींना जास्त मात्रेत. काहींना बाजारात आधीपासून मिळणारं जुनं औषध, तुलनेसाठी. आणि चार वाफ्यांना काहीच नाही, फक्त पाणी. ह्या चार वाफ्यांना आमच्या भाषेत कंट्रोल म्हणतात. तात्यांना कळावं म्हणून मी 'कोरे वाफे' म्हणायचो. लोकांना वाटतं, काहीच न केलेल्या वाफ्याला काय महत्त्व? अहो, सगळं महत्त्व त्यालाच! कोऱ्या वाफ्यात किडे भरपूर आणि औषधाच्या वाफ्यात कमी, तरच म्हणता येतं की औषधाने काम केलं. नाहीतर किडे औषधाने मेले की वाऱ्यापावसाने गेले, कोण सांगणार?

फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी मी स्वतः पानं तोडली, पिशव्यांत भरली, लेबलं लावली, बर्फाच्या पेटीतून लॅबमध्ये आणली. आणि आता हा निकाल.

पहिल्यांदा वाटलं, पिशव्यांची अदलाबदल झाली असणार. पण अदलाबदल झाली तर एका पिशवीत एकच औषध निघेल. आम्ही कुठल्याच वाफ्याला दोन्ही औषधं मारली नव्हती. मग ज्या पानात दोन्ही आहेत असं पान आलं कुठून? असं पान आमच्या रानात असायलाच नको होतं.

"मग ग्राइंडर," मी म्हणालो. पानं बारीक करायचं आमचं मिक्सरसारखं यंत्र. "आधीच्या पानांचं औषध त्यात चिकटून राहिलं असणार. तू नीट धुतला नाहीस."

"धुतला होता, सर."

"धुतला असतास तर हे झालं असतं का?"

दुसऱ्या दिवशी तिने घरच्या कुंडीतल्या मिरचीची पानं आणली. त्यांच्यावर कधी कसलंच औषध पडलेलं नव्हतं. आधी जास्त मात्रेच्या वाफ्याची पानं दळली, ग्राइंडर रोजच्यासारखा धुतला, मग कुंडीतली पानं दळली. कुंडीतली पानं स्वच्छ निघाली. मशीनमध्ये नुसतं द्रावण घालून बघितलं, तेही स्वच्छ. फ्रीजरमध्ये राखून ठेवलेली कोऱ्या वाफ्यांची उरलेली पानं काढली, त्यांची पहिल्यापासून तपासणी केली. दोन्ही औषधं हजर!

त्यात आणखी एक भानगड. चार कोऱ्या वाफ्यांपैकी पहिल्यात औषध भरपूर. दुसऱ्यात त्याहून कमी, तिसऱ्यात आणखी कमी. चौथ्यात जवळजवळ नाहीच. आता ह्याला काय म्हणायचं? माझं डोकं पार भंजाळून गेलं. आमच्या घरी पूर्वी माग होते. मागावर धागा तुटला तर निदान कुठे तुटला ते दिसतं. इथे काही दिसेना. जेवताना बायको काहीतरी विचारायची आणि मी "चौथा वाफा" असं उत्तर द्यायचो. ती म्हणाली, "अहो, भाजी कशी झालीय विचारतेय."

शेवटी डायरेक्टर साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीला रकाना लागतो.

"सोमवारी क्लायंटचा माणूस येतोय," ते म्हणाले. क्लायंट म्हणजे नवं औषध ज्यांचं ती कंपनी. "त्याला काय सांगू? चूक शेतात झाली की लॅबमध्ये?"

"शेतात मी होतो, साहेब."

"म्हणजे लॅबमध्ये."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. खिडकीबाहेर बघत बसलो. एवढ्या वर्षांत माझ्या लेबलात कधी चूक निघाली नव्हती आणि त्याचा मला केवढा माज होता, ते आज कळतं.

साहेबांनी मेमो टाइप करून घेतला. 'नमुने हाताळताना निष्काळजीपणा.' ती माझ्या हाताखाली, म्हणून सही माझी. मेमो लागलेल्या माणसाचा करार पुढे वाढवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम होता, आणि नसरीनचा करार त्याच महिन्यात संपत होता. तिची आई विड्या वळून घर चालवायची, तीही आता आजारी. आईला सोडून पोरगी पुण्याला जाणार नव्हती, आणि सोलापुरात असं मशीन असलेली दुसरी लॅब मला तरी माहीत नव्हती. हे सगळं ठाऊक असून मी सही केली. पेन अडखळलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्या स्टाफसमोर, मी मेमो वाचून दाखवला आणि तिच्या हातात दिला. ती 'ठीक आहे सर' एवढंच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मी माझ्या टेबलावर येऊन उगाच फायली लावत बसलो.

दुपारी ती आली.

"सर, तुमची मोजणीची वही बघायला मिळेल?"

आता इथे मला एक कबूल करायला पाहिजे. पानं तोडली त्या दिवशी मी रानात फुलकिडे मोजलेही होते. पांढरा कागद झाडाखाली धरायचा, शेंडा टिचकीने झटकायचा, कागदावर पडलेले किडे भिंगातून मोजायचे. त्या मोजणीत सगळ्यात कमी किडे कुठे होते? काही कोऱ्या वाफ्यांत! मी तिथल्या तिथे परत मोजले. तेच. उन्हाने डोळे दिपले असतील, वयामुळे बारीक दिसत नसेल, असं स्वतःला समजावलं आणि वही मिटून ठेवली. रिपोर्टमध्ये ते आकडे चढवलेच नाहीत. म्हटलं, नंतर बघू. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांनाही नाही.

"वही कशाला पाहिजे?" मी जरा करड्या आवाजात विचारलं.

"मेमोला उत्तर द्यायचंय ना, सर. सगळे कागद बघून देते."

नाही कसं म्हणणार? दिली. तिने उभ्या उभ्या पानं उलटली. एका पानावर थांबली. बराच वेळ थांबली.

"सर," ती हळू म्हणाली, "मशीन चुकलं म्हणू या. मीपण चुकले म्हणू या. पण हे फुलकिडे तर माझ्या लॅबमध्ये आले नव्हते. त्यांना कोऱ्या वाफ्यात मरायला कोणी सांगितलं?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पहिल्या वाफ्यात सगळ्यात कमी किडे, चौथ्यात बक्कळ. म्हणजे जिथे मशीन औषध जास्त दाखवत होतं, तिथेच किडे कमी. मशीन आणि किडे एकच गोष्ट सांगत होते, आणि मी दोघांनाही खोटं ठरवून बसलो होतो. औषध खरोखरच त्या वाफ्यांवर पडलं होतं.

पण कसं? नुसतं पाणी तर माझ्या डोळ्यांदेखत फवारलं होतं!

"उद्या वैरागला जाऊन येतो," मी म्हणालो.

"मीपण येते, सर."

"तुझं शेतात काय काम?"

"मेमो माझ्या नावावर आहे," ती म्हणाली.

शनिवारी माझ्या गाडीतून निघालो. वाटेत मी तिला एकेक शक्यता ऐकवत होतो आणि ती एकेक खोडून काढत होती. वाऱ्याने शेजारच्या वाफ्यातलं औषध उडून आलं असेल? मग ते कडेच्या झाडांवर थोडंसं पडेल, आणि मी पानं सगळीकडची मिसळून तोडली होती; एवढं भरपूर निघणार नाही. शेजारच्या शेतकऱ्याने फवारलं असेल? नवं औषध अजून बाजारातच नव्हतं, तो आणणार कुठून? पाण्यातच काही असेल? मग चारही वाफ्यांत सारखं पाहिजे. गाव येईपर्यंत माझ्याकडच्या शक्यता संपल्या आणि मी चिडून रेडिओ लावला.

तात्या रानातच होते. साठीचा, काटक माणूस. फवारणी ते स्वतः करायचे, पाठीवरच्या पंपाने. गडी लावायचं नाव नाही.

"या सायेब! आज पावनी बी आणली व्हय?"

"ह्या आमच्या लॅबच्या मॅडम. पानं ह्याच तपासतात."

"बसा की ताई, च्या ठेवाय सांगतो."

"चहा राहू द्या तात्या," मी म्हणालो. "आधी सांगा, फवारणीच्या दिवसानंतर ह्या रानात दुसरं कोणी काही मारलं का?"

"न्हाय की. कोन मारंल?"

"तुम्ही?"

"मी कशाला मारू? तुमी नगं म्हनला व्हता ना. तुमच्या कागदावर अंगठा न्हाय, सई केलीया म्या." तात्या दुखावले. "मिरच्या बी घरात न्हेल्या न्हाईत. तुमी पुराय सांगितल्यात, त्या पुरनार."

मी पंप बघितला, बादली बघितली, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. कोऱ्या वाफ्यांपाशी गेलो. पहिल्या तीन वाफ्यांतली झाडं हिरवीगार, पानं सपाट. चौथ्यात पानं वळलेली. मी तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पस्तीस वर्षं हेच काम करतोय आणि चार वाफे काय म्हणतायत ते कळत नाही, ह्याची मला अक्षरशः लाज वाटत होती.

मागून नसरीनचा आवाज आला.

"तात्या, फवारून झालं की पंपात थोडं उरत असेल ना? ते काय करता?"

"उरतंच की. तळाला ऱ्हातंय समद्या औषदांचं."

"मग?"

"मंग काय, समदं येका बादलीत गोळा केलं, पानी घातलं, आन हेंच्यावर मारलं." तात्यांनी सरळ कोऱ्या वाफ्यांकडे बोट केलं.

मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"कधी मारलं?" नसरीनने विचारलं.

"सायेब गेल्याव. लगीच." तात्या माझ्याकडे वळले. "आता बगा सायेब, समद्या झाडास्नी औषद, आन ह्या चार वाफ्यास्नीच निस्तं पानी? ह्येंनी काय पाप केलंय? लेकरं जेवाय बसली आन येकाच्या ताटात निस्तं पानी, असं व्हय? लई वंगाळ वाटाय लागलं मला. आन औषद बी उरलेलंच. तुमच्या वाफ्यातलं काय बी कमी केलं न्हाय म्या."

"अहो तात्या, उरलेलं ओतायला मी खड्डा काढून घेतला होता ना!" मी ओरडलोच.

"व्हय, व्हता की. हाय अजून. तसाच हाय." तात्यांनी बांधाकडे हात केला. "येवढं म्हागाचं औषद मातीत वतू? हात वळंल का मानसाचा?"

मी जाऊन बघितलं. खड्डा कोरडा ठणठणीत. त्यात एक कोंबडी निवांत बसली होती.

"आणि चौथ्या वाफ्यात?" नसरीनने विचारलं.

"तितं पोचेस्तवर सपलं. थोडं शिपडलं नावाला." तात्यांना त्याचंही वाईट वाटत होतं. मग माझ्या जवळ येऊन म्हणाले, "पर सायेब, त्या तीन वाफ्यांचं काम लई झ्याक झालंय बगा. ह्येच मिसळून बाटलीत मिळंल का?"

मी कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळेना. तात्यांना रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या माणसाला मी 'कोरा वाफा' हे नाव सांगितलं होतं. तो कोरा का ठेवायचा, हे कधी सांगितलंच नव्हतं. लहान पोराला सांगावं तसं 'ह्याला औषध नको' एवढं सांगून मी मोकळा झालो होतो. फवारणीच्या दिवशी ऊन फार होतं, औषधाच्या वासाने डोकं दुखायला लागलं होतं, आणि शेवटचा वाफा झाल्याबरोबर मी गाडीत बसून निघालो होतो.

परतताना सोलापूर जवळ आलं तेव्हा नसरीन म्हणाली, "सर, फवारणीचा फॉर्म तुम्ही भरला होता ना? त्यात एक ओळ असते. उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट लावली का."

असते. मला चांगली माहीत होती. तिथे माझ्या अक्षरात 'होय' लिहिलं होतं. खाली माझी सही. फॉर्म मी फवारणी चालू असतानाच भरून टाकला होता, झाडाखाली बसून, सगळ्या ओळींवर 'होय'. ट्रायल बुडवली ती तात्यांनी नाही आणि लॅबनेही नाही. माझ्या त्या एका शब्दाने बुडवली.

सोमवारी सकाळी लवकर साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "आता कोणाचं नाव घालायला नको. 'कारण स्पष्ट नाही' असं लिहू. प्रकरण मिटेल."

"आणि मेमो?"

"मेमो फाईलला आहे तो आहे. तिला नोकरी मिळेल हो कुठेतरी. तुमची दोनच वर्षं राहिलीत. कशाला डाग लावून घेता?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. 'कारण स्पष्ट नाही' हे वाक्य किती स्वच्छ! त्याखाली कोणीही लपू शकतं. पण मला ते लाल झालेले कान दिसायला लागले. मी म्हणालो, "साहेब, कारण स्पष्ट आहे. माझ्या अक्षरात आहे."

क्लायंटच्या माणसाला मीच सांगितलं. तो तापला, आणि त्याचं बरोबर होतं. ट्रायल रद्द. पुढच्या हंगामात आमच्या खर्चाने पुन्हा करायची. सगळं बोलून झाल्यावर जाता जाता तो मला बाजूला घेऊन विचारतो, "त्या बादलीत कशाचं किती प्रमाण होतं, काही अंदाज?" मी म्हणालो, तात्यांना विचारा.

मेमो रद्द झाला. नसरीनचा करार वाढला. माझ्याकडून शेतातल्या फॉर्मवर सही करायचा अधिकार एका हंगामासाठी काढून घेतला आणि मला जुने रिपोर्ट तपासायला बसवलं. पुढची ट्रायल तात्यांच्याच रानात झाली. तात्यांना कोऱ्या वाफ्याचं सगळं कारण नसरीनने समजावलं. तात्यांनी ऐकून घेतलं, उरलेलं औषध खड्ड्यात ओतलं आणि तोंड फिरवून बसले, असं तिने येऊन सांगितलं.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. मेमो रद्द झाला त्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी लॅबमध्ये गेलो. ती एकटीच मशीन बंद करत होती. मी म्हणालो, "नसरीन, माझं चुकलं. माफ कर." खरंच मनापासून म्हणालो. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या सर.

तिने मशीनचं बटण बंद केलं, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "सर, मेमो सगळ्यांसमोर वाचला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. नोकरी लागल्यापासून एवढा घाबरलो नव्हतो. कागदावर लिहून नेलेलं वाचलं: चूक माझी, फॉर्म मी न बघता भरला, मोजणी मी लपवली, आणि नसरीनचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तिने माझ्या हातातून तो कागद मागून घेतला, खाली सही आणि तारीख घालायला लावली, आणि आपल्या फाईलला लावला.

डोळ्यांनी बघितलं नाही तिथे मी आता 'होय' लिहीत नाही. त्यामुळे फॉर्म भरायला फार वेळ लागतो.